हात अडकलेले, तोंड मोकळं

नांदेडात नवी नेलवाली ओळखायची असेल तर तिचे दोन्ही हात एकदम बघावेत. डावा हात जाहिरातीतला असतो. बदामी आकार, गुलाबी ओंब्रे, अनामिकेवर चिमुकला खडा. उजवा हात मात्र ह्याच घरातला वाटतो. सगळा सराव उजव्याने डाव्यावर झालेला, त्यामुळे उजव्याच्या वाट्याला फक्त ॲसिटोन आलेलं. इन्स्टाग्रामवर तिचा डावाच हात दिसतो. कधी कॉफीच्या कपाभोवती, कधी स्कूटीच्या हँडलवर, कधी गोदावरीच्या घाटावर मावळता सूर्य चिमटीत धरून. कुणी "दुसरा पण दाखवा ना ताई" असं लिहिलं तर उत्तर तयार असतं: दुसऱ्या हातात मोबाइल आहे.

भाग्यनगर, आनंदनगर, श्यामनगर, तरोडा नाका या पट्ट्यात ती आता गल्लीआड सापडते. ज्या खिडकीवर पूर्वी 'येथे पिको-फॉल करून मिळेल' अशी पाटी असायची, तिथे गुलाबी निऑनची अक्षरं पेटतात. आत घराचीच पुढची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, रिंग लाइट, ४८ वॅटचा लॅम्प, भिंतीवर प्लास्टिकची वेल आणि वेलीमागे, झाकूनही न झाकलेला, सासऱ्यांच्या निवृत्तीच्या सत्काराचा फोटो. फायलिंगची पांढरी धूळ टीपॉयवर बसते. सासूबाई ती बोटाने पुसतात, बोट नाकाशी नेतात आणि काही न बोलता आत जातात. या न बोलण्याचा अर्थ लावण्यात बिचारीचा पहिला महिना जातो.

कोर्स पंधरा दिवसांचा. पुण्यात नाहीतर हैदराबादेत. नांदेडकरांना हैदराबादच बरं पडतं, कारण येताना बेगम बाजारातून सामानाची पिशवी भरून आणता येते. कोर्समध्ये सराव रबरी हातावर असतो. इतकं समंजस गिऱ्हाईक तिला पुढे आयुष्यात भेटत नाही. रबरी हाताला फोन येत नाही, त्याचं नाक खाजत नाही, त्याला सहाच्या मुहूर्ताला लग्नाला जायचं नसतं. मुख्य म्हणजे तो घरी जात नाही. घरीच जात नसल्यामुळे दोन दिवसांनी त्याच्याकडून फोटोही येत नाही.

कोर्स संपला की सर्टिफिकेट लॅमिनेट होतं आणि रबरी हाताच्या जागी नणंद येते. नंतर जाऊ, चुलतजाऊ, समोरच्या बंगल्यातल्या वहिनी. ही सगळी फुकटची मंडळी. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत खोट निघाली तर माणूस निदान स्वतःलाही थोडा दोष देतो, "आपणच घ्यायला नको होतं" म्हणून. फुकट करून घेणाऱ्याला ती अडचण नसते. नणंदेचं अंगठ्याचं नख तिसऱ्या दिवशी वरणाच्या पातेल्यात सापडलं, ही बातमी हदगाव आणि किनवटच्या नातेवाइकांपर्यंत पोचायला वरणाला उकळी यायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही.

मग पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक. व्हिडिओतली बाई दहा बोटं वीस मिनिटांत उरकते, कारण व्हिडिओ पळवलेला असतो. आपल्या नेलवालीला चार तास लागतात. नख घासून त्याची चकाकी घालवायची, डिहायड्रेटर लावून तेल काढायचं, प्रायमर, टिप, त्यावर जेल, मग लॅम्प, पुन्हा जेल, पुन्हा लॅम्प. पहिल्या तासात बाई कौतुकाने बघतात. दुसऱ्या तासात घड्याळाकडे बघतात. तिसऱ्या तासात त्यांच्या नवऱ्याचा फोन येतो आणि तो नेलवालीलाच त्यांच्या कानाशी धरावा लागतो. त्या फोनवरून तिला कळतं की आज त्या घरात संध्याकाळचा स्वयंपाक झालेला नाही आणि त्याला आपण जबाबदार आहोत.

या धंद्यात एक गोष्ट सांगतात. १९५४ साली फ्रेड स्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याचं नख तुटलं, त्याने दातासाठी ठेवलेलं ॲक्रिलिक लावून ते सांधलं आणि तिथून कृत्रिम नखांचा आजचा व्यवसाय सुरू झाला. म्हणजे नेलवालीचा मूळपुरुष दाताचा डॉक्टर. पण वारसा देताना त्याने मुख्य सोय स्वतःकडेच ठेवून घेतली. दाताच्या डॉक्टरकडे पेशंटचे हात मोकळे असतात आणि तोंडात कापूस असतो. नेलवालीकडे बरोबर उलटं. हात टेबलावर अडकलेले, मोबाइल लांब आणि तोंड तासन्तास पूर्ण मोकळं. एवढ्या वेळात माणूस बोलणार नाही तर काय करणार? सून, सासू, प्लॉटची भानगड, पोराचे नीटचे मार्क, सगळं होतं. आणि सगळं संपलं की नजर समोरच्या नखावर येते. "हे जरा वाकडं नाही वाटत?"

अशीच दुसरी एक गोष्ट. टिपी हेड्रन या हॉलिवूडच्या नटीने १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या निर्वासितांच्या छावणीत वीस व्हिएतनामी बायकांना नखांचं काम शिकवायची सोय केली. अमेरिकेतला हा धंदा आज मोठ्या प्रमाणात व्हिएतनामी हातांत आहे, त्याची सुरुवात या वीसजणींपासून मानतात. देश गेला, घर गेलं, भाषा परकी, आणि त्या उभ्या राहिल्या. नेलवालीने ही गोष्ट कोर्समध्ये ऐकली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. पहिल्या महिन्यानंतर तिला त्यातली एकच गोष्ट हेवा करण्याजोगी वाटू लागली. सुरुवातीला त्यांना गिऱ्हाइकाचं बोलणं समजत नसणार.

तक्रार दिवसा येत नाही. ती रात्री साडेदहाला येते, गिऱ्हाइकाची भांडी आवरून झाल्यावर. आधी "हाय ताई" येतं. मग एक फोटो, ज्यात बोट कमी आणि चादर जास्त असते. मग 'टायपिंग'. हे 'टायपिंग' मिनिटभर चालतं, थांबतं, पुन्हा चालू होतं. तेवढ्यात नेलवालीच्या मनात पूर्ण खटला चालून निकालही लागलेला असतो. प्रायमर जास्त झालं. नाही, कमी झालं. जेल कातडीला लागलं. लॅम्पमध्ये तिचा अंगठा तिरका होता. मला हे जमतच नाही, बी.एड. केलं असतं तर बरं झालं असतं.

"अगं, नख हाय ते. किडनी बसवलीस का तू तिला?" नवरा कूस बदलत म्हणतो.

"तुमाला काय कळतंय त्यातलं. झोपा तुमी."

आणि मेसेज येतो: 'ताई माझ्या बहिणीला पण करायचेत, रविवारी जमेल का?'

इथे खटला संपायला हवा. पण मुरलेला संशय असा सुटत नाही. ती मोबाइल उशाशी ठेवते आणि छताकडे बघत म्हणते, "दया आली असंल तिला माझी."

आता तक्रारींच्या प्रकारांकडे वळू. ते पुष्कळ आहेत, पण मराठवाड्याची म्हणून जी खास आहे ती भाकरीची. ज्वारीची भाकरी हाताने थापायची असते. तिला तळहात लागतो, बोटं लागतात, आणि पिठात पाणी लागतं. जेल एक्स्टेन्शनला यांतलं काहीच सोसत नाही.

"काय गं, हे नख हलूलालंय की! चार दिवस पण झाले नाहीत."

"काकू, काही जड काम झालं का हातानं?"

"काईच नाही बाई. नुसत्या दोन भाकरी टाकल्या."

थोडं खोदलं की दोनाच्या बारा होतात. त्यात शेतावरच्या माणसांचा डबा निघतो, एक घागर चिंचेने घासलेली निघते, आणि शेवटी, अगदी जाता जाता, कुलूप उघडत नव्हतं म्हणून नखाने खुपसून बघितल्याचंही निघतं. पण हे सगळं 'काईच नाही' याच सदरात मोडतं, कारण आपल्याकडे बाईने घरात केलेलं काम मोजायची पद्धतच नाही. मोजत नाहीत ते घरचे. आणि भरपाई मागितली जाते नेलवालीकडे.

दुसरी तक्रार हळदीची. अर्धापूर-वसमतकडची हळद काही साधी नव्हे, वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकन आहे. तिचा रंग जसा लग्नात चढतो तसाच पांढऱ्या फ्रेंच टिपवरही चढतो. नवरीचे हात हळदीच्या आदल्या दिवशी करून दिले, की लग्नाच्या दिवशी ती पांढरी किनार मुळातून पिवळी झालेली. नवरीची आई फोनवर आणि मागे बँड. आता नेलवाली बुकिंग घेतानाच विचारते, "हळद कधी हाय?" लोकांना वाटतं, आपुलकीने विचारूलाली.

तिसरी तक्रार मला स्वतःला सगळ्यात आवडते. तीन आठवड्यांनी बाई येतात आणि नखाच्या मुळाशी पडलेली जागा दाखवतात. "बघा, इथं कमी लावलं तुमी." हाताचं नख महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतं. लावलेलं जेल पुढे सरकतं आणि मागून नवं कोरं नख येतं. म्हणजे वाढ बाईंची, आणि जाब नेलवालीला. नवी असते तेव्हा ती घाबरून 'सॉरी ताई' म्हणून मोकळी होते आणि फुकट भरून देते. गिऱ्हाइकाचं शरीर वाढल्याबद्दल माफी मागणारा दुसरा धंदा माझ्या पाहण्यात नाही.

चटक्याची तक्रार मात्र खरी असते. जेलचा थर जाड झाला की लॅम्पमध्ये तो कडक होताना एकदम उष्णता बाहेर पडते, आणि बाई "आई गं" करून हात ओढतात. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळीसच्या पुढे गेला की सगळ्याच गोष्टी घाई करायला लागतात. ॲक्रिलिकचा थेंब थंड देशातल्या व्हिडिओत निवांत पसरतो. इथे ब्रश नखापर्यंत पोचेपर्यंत तो घट्ट झालेला असतो. खिडकीत ठेवलेल्या जेलच्या बाटलीला उन्हाने आतल्या आत गोठवलं, तेव्हा नवऱ्याने सुचवलं, "मग लॅम्पचं बिल कशाला? गिऱ्हाईक गच्चीवर पाठव." त्याच्याशी ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ऐन लॅम्पमध्ये हात असताना लाइट गेली, तेव्हा तिने गच्चीकडे एकदा बघितलं हे मात्र खरं.

आणि आता जगही लांब राहिलेलं नाही. नखांच्या जेलमध्ये वापरला जाणारा टीपीओ हा घटक युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. ही बातमी नेलवालीच्या आधी तिच्या एका गिऱ्हाइकाला कळली, कारण त्यांचा भाचा जर्मनीत आहे. "तुमच्या बाटलीत ते हाय का बघा बरं." नेलवालीने बाटली उलटी केली, मोबाइलने अक्षरं मोठी केली. बेगम बाजारच्या त्या बाटलीवर इंग्रजीत एवढंच होतं की हे रंगीत जेल आहे आणि ते प्रेमाने बनवलेलं आहे. त्या रात्री तिने ती बाटली बाजूला काढली आणि घटक छापलेली महाग बाटली मागवली. हे तिने कुणाला सांगितलं नाही. भाव वाढवायचं धाडस अजून यायचं होतं.

पण तक्रार करणारी गिऱ्हाइकं परवडली. खरी झोप उडवते ती न करणारी. "छान झालंत हं" म्हणून ती जाते आणि येत नाही. पंधरा दिवसांनी वजिराबादेतल्या दुसऱ्या एका स्टुडिओच्या रीलमध्ये एक हात दिसतो. चेहरा नाही, नाव नाही. तरी नेलवाली ओळखते, कारण तिला माणसं हातावरूनच लक्षात राहतात. अनामिकेच्या बाजूला तो तीळ. ती रील ती अकरा वेळा बघते आणि अकराव्यांदा तिला त्या दुसरीच्या कामात एक बुडबुडा सापडतो. मग झोप लागते.

आता ही टिकते कशी? याचं उत्तर तिच्या माहेरी आहे. माहेर लातूर. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत बस लातूरला पोचते, आणि त्या गावात वाढलेल्या पोरीला दोन गोष्टी न शिकवता येतात. पहिली म्हणजे पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला आलं, तेव्हा ती दहावीत होती. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. एका कळशीत दिवस काढलेली ही पोरगी कोर्समध्ये बसली आणि तिथल्या मॅडम म्हणाल्या की कामाआधी नख पाण्यात भिजवायचं नाही. नख पाणी पिऊन फुगतं, नंतर आकसतं आणि जेल सुटतं. वर्गातल्या बाकीच्या पोरी ते वहीत लिहून घेत होत्या. हिला त्यात लिहिण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही. पाणी उगाच वापरायचं नाही, यात नवीन ते काय.

दुसरी गोष्ट म्हणजे लातूर पॅटर्न. शाहू कॉलेजच्या गावात चुकलेल्या प्रश्नाला रडायची मुभा नसते, तो पुन्हा सोडवायचा असतो. हिला डॉक्टर व्हायचं जमलं नाही, पण वही ठेवायची सवय अंगात राहिली. तर तक्रारींची वही निघाली. तारीख, हात कुठला, बोट कुठलं, कितव्या दिवशी, कुठून सुटलं. 'का' या रकान्यात सुरुवातीला सगळीकडे एकच शब्द होता: 'मी'. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, झाली त्या आठवड्यात मात्र वही गडबडली. येळवशीला शेतात जेवायची भज्जी करायची म्हणजे आदल्या दिवशी तुरीच्या, हरभऱ्याच्या, वाटाण्याच्या शेंगांचा ढीग सोलायचा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन. सात गिऱ्हाइकं, सातही जणींचा उजवा अंगठा आणि शेजारचं बोट. सगळ्यांची टोकं मोडलेली, मुळं जिथल्या तिथे घट्ट. ती वहीकडे बघत बसली. सात जणींच्या अंगठ्यावर आपण एकदम, एकसारखे, फक्त टोकाकडेच कसे चुकलो असू?

त्यानंतर ती माहेरी गेली तेव्हा गंजगोलाईत बांगड्या भरायला बसली. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, मध्ये जगदंबेचं देऊळ, आणि भोवताली काय वाट्टेल ते मिळतं. म्हाताऱ्या कासारणीने तिचा हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड दाबून हात लहान केला, आणि तिसरी बांगडी चढवताना फुटली. कासारणीने तुकडा बाजूला टाकून दुसरी घेतली. नेलवालीने विचारलं, "मावशी, ही फुटलेली कुणाची?"

"माझी. भरताना फुटली ती माझी. पायरी उतरल्यावर फुटली ती तुझी. त्याला काय इचारायचं?"

"आन् बाई परत घिऊन आली तर?"

"येतेत की. मी त्यांना चा पाजते आन् नवीन बांगड्या इकते."

एवढ्या वर्षांत या बाईने किती मनगटं हाताळली असतील, आणि तिच्याकडे लॅमिनेट केलेलं काही नव्हतं. नेलवाली नांदेडला परतली आणि वहीतल्या 'का' या रकान्याचे दोन रकाने झाले. क्युटिकलच्या बाजूने सुटलं तर चूक कामाची: तेल राहिलं, कातडी नीट सरकवली नाही, जेल कातडीला लागलं. टोकाकडून मोडलं तर चूक वापराची: भाकरी, कुलूप, शेंगा. मग टेबलासमोर पाटी लागली. 'मुळाकडून निघाल्यास सात दिवस मोफत दुरुस्ती. टोकाकडून तुटल्यास नखामागे शंभर रुपये.'

पाटी लागल्यावर तक्रारी बंद झाल्या असं मात्र समजू नका. मराठवाड्यातली बाई पाटीला भीत नाही. पहिल्याच आठवड्यात एक काकू आल्या आणि बोट टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मधातून तुटलंय. आता बोल." नेलवालीने नख उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं आणि निर्णय दिला, "पन्नास रुपये." काकूंनी तीस दिले, चहा घेतला आणि सुनेचं बुकिंग करून गेल्या. ती 'सॉरी' म्हणाली नव्हती हे तिच्या रात्री अकराला लक्षात आलं, आणि आपण उद्धट तर नाही ना झालो या नव्या काळजीने ती दीडपर्यंत जागी राहिली.

या जातीचा पुढचा टप्पा ठरलेला आहे. वर्ष होता होता निऑनच्या शेजारी दुसरी पाटी येते: 'सात दिवसांत नेल आर्टिस्ट व्हा.' स्वतः पंधरा दिवस शिकली तो अभ्यासक्रम ती सातात बसवते, कारण नेलवालीला आता वेग आलेला असतो. मुखेड, कंधार, देगलूरहून पोरी येतात. रबरी हात कपाटातून बाहेर निघतो. त्यांच्यातली एखादी घरी जाते, मावसबहिणीची नखं करते आणि रात्री साडेदहाला मॅडमना फोटो पाठवते, बोट कमी आणि चादर जास्त. मॅडम फोटो मोठा करून बघतात आणि लगेच लिहितात, 'मुळाकडून सुटलंय. चूक तुझी आहे. झोप आता.' आणि खरंच मोबाइल उपडा ठेवून झोपतात. कोर्सच्या पावतीवर खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं: फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.